दोघींतली दुसरी

चंपाताई ओव्हाळ आमच्याकडे पेशंट व्हायला आल्या, त्या खरं तर डॉक्टर शोधायला. हे मला चौथ्या आठवड्यात कळलं, आणि तेही त्यांनी सांगितलं म्हणून. माणसांच्या मनातलं ओळखणं हा माझा तेवीस वर्षांचा व्यवसाय आहे, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी काढायला नको.

शनिवार पेठेत वह्या बांधणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मी मानसतज्ज्ञांसाठी अभ्यासवर्ग घेते. सहा शनिवार, दहा ते पाच. समलिंगी, ट्रान्स, बायसेक्शुअल माणसं आपल्याकडे आली तर त्यांच्याशी नीट काम कसं करायचं, एवढाच विषय. पुण्यात समुपदेशकांची टंचाई नाही. पण समोरचा मुलगा ‘माझा बॉयफ्रेंड’ म्हणाला की त्यातले निम्मे पेन खाली ठेवतात आणि उरलेले निम्मे, लहानपणी वडील घरी किती वेळ असायचे, ते विचारायला लागतात.

नुसती व्याख्यानं देऊन हे सुटत नाही, सराव लागतो. सरावाला क्लायंट लागतो. पहिल्या वर्षी मी नाटकाच्या मुलांना बोलावलं. ती तिसऱ्या मिनिटाला रडायची. एकानं तर खुर्चीवरून उठून, खिडकीकडे तोंड करून, चांगलं लांबलचक स्वगत म्हटलं. समोरच्या मानसतज्ज्ञ बाई टाळ्या वाजवून मोकळ्या झाल्या. म्हणून दुसऱ्या वर्षी सूचना अशी लिहिली: ‘सरावासाठी साधी माणसं हवीत. वयाची अट नाही. चहा, नाश्ता, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल. अभिनयाची आवड नसल्यास उत्तम.’

पहिल्याच दिवशी दहाला पाच कमी असताना चंपाताई आल्या. वय त्रेसष्ट, स्टार्चची सुती साडी, खांद्याला मोठी पर्स आणि हातात नाडीनं बांधलेली फाइल. सूचनेचं कात्रण फाइलला पहिल्या पानावर लावलेलं.

“क्लायंटची भूमिका जमेल तुम्हाला?” मी विचारलं.

“सदतीस वर्षं सरकारी नोकरी केली,” त्या म्हणाल्या. “आस्थापना शाखेत. साहेब विनोद करायचे, मी हसायचे.”

निवड तिथेच झाली. मी माहितीचा फॉर्म पुढे ओढला. शिक्षण, पत्ता, येरवड्याला हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्या.

“घरी कोण कोण?”

“आम्ही दोघीच.”

“अच्छा, बहिणी-बहिणी,” मी म्हणाले आणि लिहून टाकलं. पुढचा रकाना भरायचा होता.

पर्समधून छोटी डायरी काढून त्यांनीही काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, शनिवारच्या तारखा असतील.

भूमिकांचे कागद मी तयार ठेवले होते. त्यांनी सगळे वाचले आणि परत दिले. “हे सगळे पंचविशीतले आहेत,” म्हणाल्या. “साठीची माणसं नसतात का यात?” मी जरा ओशाळले आणि म्हटलं, तुम्हीच लिहा. त्यांनी दहा मिनिटांत कार्यालयीन मराठीत लिहून दिलं: ‘वय साठच्या पुढे. अविवाहित. एकतीस वर्षं एका बाईंसोबत वास्तव्य. सदर बाई काही महिन्यांपासून कामापुरतंच बोलतात, रात्री जागतात. त्यामुळे अर्जदाराचीही झोप गेली आहे. दुसरी कोण, हे अर्जदार आपणहून सांगणार नाही, विचारल्यास सांगेल.’ बाईंची कल्पनाशक्ती काय चांगली आहे, असं मला वाटलं. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

त्या कागदाचा शेवटचा भाग मात्र फार हुशारीचा होता. आपल्या भाषेत नवरा-बायको असली की ‘आम्ही दोघं’ होतं, आणि बाया-बाया असल्या की ‘दोघी’. म्हणजे एका वेलांटीत कळतं की दुसरीही बाईच आहे. ती कोण, हे तेवढं कळत नाही. ते विचारावं लागतं. आणि विचारत कुणी नाही. ऐकणारा आपल्या मनानं एक नातं काढून देतो आणि पुढे जातो. चंपाताईंनी नोकरीभर हे अनुभवलं होतं, ते मला पुढे कळलं. ऑफिसात कुणी त्या दुसरीला आत्तेबहीण केलं, कुणी भाडेकरू, एका साहेबांनी तर सावत्र आई. त्यांनी एकालाही दुरुस्त केलं नाही. फुकटची माणसं मिळत होती, असं त्या म्हणायच्या.

पहिल्या शनिवारी त्यांच्यासमोर बसले श्यामसुंदर आठल्ये. सव्वीस वर्षांचा अनुभव, भारदस्त आवाज, स्वतःची दोन क्लिनिकं. वर्गाला मुलीनं नाव नोंदवलं म्हणून आलो, असं त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं होतं. बाबा, तुम्हाला गरज आहे, असं ती म्हणाली म्हणे.

“घरी आम्ही दोघीच असतो,” चंपाताई म्हणाल्या.

“बहीण का?”

“नाही.”

“मग मुलगी?”

“नाही.”

“अच्छा. भाडेकरू,” आठल्ये सर म्हणाले, आणि पुढची बारा मिनिटं भाडेकरूशी वागताना मर्यादा कशा पाळाव्यात यावर मार्गदर्शन केलं. शेवटी करारनामा नोंदवला आहे ना, हेही विचारून घेतलं. चंपाताईंनी सगळं मान डोलावत ऐकलं. मागे कुणीतरी हसू दाबायला खोकत होतं, मीच असेन.

दुसरी बसली स्वराली, खराडीच्या एका आयटी कंपनीत समुपदेशक, वय अठ्ठावीस, सगळं वाचून आलेली. तिनं ‘दोघी’ ऐकलं आणि दोन मिनिटांत नेमकं ओळखलं. “त्या तुमच्या पार्टनर आहेत का?” चंपाताई हो म्हणाल्या. मग मात्र स्वरालीचा तोल गेला. “एकतीस वर्षं! वॉव. सो इन्स्पायरिंग. तुम्ही आमच्या प्राइड मंथला स्टेजवर बोलाल का? आमची यंग जनरेशन रडेल तुमचं ऐकून.” चंपाताईंनी तारीख विचारली, आणि वेळ संपली.

संध्याकाळी चंपाताईंनी दोघांच्या हातात एकेक बंद पाकीट ठेवलं. वर सुवाच्य अक्षरात ‘गोपनीय अहवाल’. सरकारी नोकरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: दर वर्षी साहेब कर्मचाऱ्याबद्दल असा अहवाल लिहितात. काम कसं, वागणूक कशी, आणि शेवटी एक शेरा. त्या शेऱ्यावर बढती ठरते. चंपाताईंनी असे हजारो अहवाल लावून ठेवले होते, सदतीस स्वतःच्या नावाचे झेलले होते. आता लिहिण्याची पाळी त्यांची होती.

स्वरालीचा तिनं सगळ्यांना वाचून दाखवला: ‘हुशार. दुसरी कोण ते लगेच ओळखले. ओळखल्याचा आनंद फार झाला. झोपेचा विषय निघालाच नाही. चांगली, अनुभवाने सुधारेल.’ स्वराली खूप हसली. दुसऱ्या दिवशी तिनं मला लांबलचक मेसेज पाठवला, त्यातलं खरं वाक्य शेवटचं होतं: मी त्यांचं ऐकलंच नाही, मॅम.

आठल्ये सरांनी पाकीट जाग्यावरच फोडलं. ‘आवाज चांगला. वक्तशीर. क्लायंटच्या घरात न विचारता भाडेकरू ठेवला. साधारणपेक्षा कमी.’ ते दोनदा वाचून त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. “सव्वीस वर्षांत मला कुणी शेरा दिला नव्हता,” म्हणाले. रागावलेत की काय, ते कळेना. पण पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत बसले होते.

वर्ग पुढे सरकत होता. समलैंगिकता हा आजार नाही, तो ‘बरा’ करायला जायचं नाही, असं मी सांगायची. सगळ्याचं खापर त्यावरही फोडू नका आणि ते जणू नाहीच असंही वागू नका, क्लायंट गुडघा दुखतोय म्हणाला तर आधी गुडघ्याबद्दल विचारा, असंही सांगायची. चंपाताई मागच्या बाकावर बसून माझंही सगळं लिहून घ्यायच्या आणि प्रत्येक शनिवारी दोघातिघांपुढे तीच भूमिका करायच्या. त्यांच्या आयुष्यात त्या महिन्यात तीन बहिणी, दोन जावा, एक विधवा नणंद आणि एक केअरटेकर जमा झाली. पाकिटांवर पाकिटं वाटली जात होती. ‘निश्चित चांगला’ हा शेरा मात्र कुणालाच मिळत नव्हता. खात्यात बढतीला तोच लागतो, असं त्या सांगायच्या.

चौथ्या शनिवारी चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, “चंपाताई, ती दुसरी बाई तुम्ही इतकी खरी उभी केली आहे, की मला तिची काळजीच वाटायला लागली आहे.”

“मलाही वाटते,” त्या म्हणाल्या. “तिचं नाव रशीदा.”

मी कप खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. हे मी इथे लिहिते आहे ते त्यांच्या आणि रशीदाताईंच्या परवानगीनं. मजकूर दोघींनी वाचला आहे. चंपाताईंनी लाल पेननं तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं आहे.

रशीदा तांबोळी म्हणजे ब्लाउज शिवणाऱ्या. याच शनिवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचं मशीन होतं. ब्लाउज दंडात घट्ट झाला म्हणून चंपाताई भांडायला गेल्या. “दंड वाढलाय, ब्लाउज नाही,” असं रशीदाताई म्हणाल्या. तिथून सुरुवात. त्र्याण्णव सालापासून दोघी एका घरात. ओव्हाळांकडे कुणी काही विचारलं नाही. चंपानं नोकरीशीच लग्न केलं असं भाऊ दशरथ सांगत फिरला. तांबोळ्यांकडेही कुणी विचारलं नाही, पण दर ईदला रशीदाताईंचे भाऊ चांदभाई शीरखुर्म्याचा डबा पाठवायचे आणि तो नेमका दोघींना पुरेल एवढा असायचा. अठरा साली समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल लागला तेव्हा चंपाताईंनी ऑफिसात पेपरातली बातमी कापली आणि ‘संकीर्ण’ फाइलला लावली. एवढाच त्यांचा जल्लोष.

गेल्या ऑगस्टमध्ये चंपाताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत झाली आणि दोन दिवस त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. रशीदाताई काउंटरवर गेल्या. तिथली बाई मान वर न करता म्हणाली, “पेशंटच्या कोण तुम्ही? नातेवाइकांनाच सोडतो.” मागे चंपाताईंच्या भावाचा मुलगा चेतन सहीसाठी उभा होता. एक आडनाव ओव्हाळ, दुसरं तांबोळी. रशीदाताईंच्या तोंडून शब्द निघाला, “शेजारीण.”

“दोन दिवस खालच्या बाकावर बसून होती,” चंपाताई म्हणाल्या. “मी बरी होऊन घरी आले. ती नाही आली. म्हणजे आली, पण मशीनवर चादर घातली ती घातलीच. बोलते, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. मला म्हणाली, एकतीस वर्षं राहिले आणि विचारल्यावर तुला शेजारीण केलं. मी म्हटलं, अगं, मला कुठे ऐकू आलं? तर म्हणाली, मला आलं.”

एका समुपदेशकाकडे त्या रशीदाताईंना घेऊनही गेल्या होत्या. त्यांनी मैत्रिणीच्या आजारपणाचा धसका असं निदान केलं आणि नातवंडांत मन रमवा म्हणाले. रिक्षात रशीदाताईंनी फक्त विचारलं, कुणाच्या? तेव्हा चंपाताईंनी ठरवलं की आता तपासल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही. आणि आठवड्याभरात त्यांना माझी सूचना दिसली. सहा शनिवार, बावीस मानसतज्ज्ञ एका जागी, आणि वर चहा.

“एक माणूस पाहिजे मला,” त्या म्हणाल्या. “पुन्हा चुकीच्या दारात नेलं तर ती तिसऱ्यांदा येणार नाही. मी ओळखते तिला.”

माझे डोळे भरून आले होते. आणि डोळे भरले की मी चुका करते. “अहो, मग मीच बघते ना रशीदाताईंना,” मी म्हणाले.

चंपाताईंनी पर्स उघडली आणि एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. त्यावर पहिल्या शनिवारची तारीख होती. महिनाभर पर्समध्ये राहून कडा मऊ पडल्या होत्या. ‘ज्ञान भरपूर. स्वभाव प्रेमळ. प्रश्न विचारून उत्तर स्वतःच देण्याची सवय. अर्जदारास बहीण दिली. साधारण.’

मला राग आला, हे कबूल करते. हे वर्ग सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, पंधरा वर्षं मी हेच शिकवते आहे. मग फॉर्म काढून पाहिला. माझ्याच अक्षरात, माझ्याच निळ्या शाईत, ‘बहीण’. आणि फॉर्म मीच तयार केलेला. त्या बाईनं पहिल्या मिनिटाला मला परीक्षेला बसवलं होतं आणि मी पेपर न वाचता उत्तर लिहून मोकळी झाले होते. राग गेला आणि त्याच्या जागी लाज आली; ती अजून पूर्ण गेलेली नाही.

सहाव्या शनिवारी आठल्ये सरांनी पुन्हा संधी मागितली. नियमात नव्हतं, पण मी हो म्हटलं. चंपाताई समोर बसल्या, पदर सारखा केला आणि सुरू झाल्या.

“झोप लागत नाही. घरी आम्ही दोघीच असतो.”

“बही—” आठल्ये सर म्हणाले, आणि थांबले. सगळा वर्ग थांबला. खालून कटिंग मशीनचा आवाज येत होता. सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “चुकलो,” म्हणाले. “मी पुन्हा माझ्या मनानं ठरवून टाकत होतो. मला माहीत नाही. तुम्हीच सांगा. त्या कोण तुमच्या?”

आणि मग ते खरंच गप्प बसले. चंपाताईंनी उत्तर दिलं नाही. एक मिनिट गेलं असेल. वर्गात एक मिनिट म्हणजे फार. स्वरालीनं माझ्याकडे पाहिलं, मी हातानं खूण केली, राहू दे. आठल्ये सर नुसते बघत होते, घाई नव्हती त्यांना.

“रशीदा,” चंपाताई म्हणाल्या. कागदावर नाव नव्हतं. त्यांनी इतक्या शनिवारांत ते वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. “माझ्या घरची आहे ती. तिला झोप लागत नाही, सर.”

“काय झालं होतं?” आठल्ये सरांनी विचारलं.

ठरलेली वीस मिनिटं केव्हा संपली ते मी सांगितलं नाही. त्या दिवशी पाकीट एकच निघालं. त्यात दोनच शब्द होते: ‘निश्चित चांगला.’ सरांनी ते पाकीट खिशात न ठेवता वहीत ठेवलं.

नंतर मी चंपाताईंना विचारलं, स्वराली का नाही? ती तर तेव्हापासून एकदाही चुकली नव्हती. “म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “ती चुकल्यावर काय करते ते मी बघितलं नाही. यांचं बघितलं. रशीदापुढे चुकणार तर सगळेच.” सरावातल्या क्लायंटच्या घरच्या माणसाला खरोखर क्लायंट म्हणून घ्यावं का, यावर मी आणि आठल्ये सर फोनवर तासभर बोललो, मग वर्ग संपून महिना जाऊ द्यायचं ठरलं. चंपाताईंनी तो नियम लेखी मागितला आणि फाइलला लावला.

एप्रिलमध्ये त्या मला भेटायला आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि फाइलमधून एक झेरॉक्स काढली. आठल्ये सरांनी क्लिनिकचा फॉर्म बदलला होता. ‘विवाहित, अविवाहित’च्या चौकटी काढल्या होत्या आणि ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे तुमच्याशी नाते’ याच्यापुढे नुसती मोकळी ओळ ठेवली होती.

“त्या ओळीवर रशीदा अडकून बसली,” चंपाताई सांगत होत्या. “मला वाटलं, उठून जाते आता. मैत्रीण लिही, मी म्हटलं. ऐकेना. मग लिहिलं. बघा.”

मी पाहिलं. शिंप्याच्या खडूनं कापडावर काढावं तसं मोठं, तिरकं अक्षर होतं. ‘आम्ही दोघी.’

“मी म्हटलं, अगं, हे नातं नाही होत. रकाना नात्याचा आहे. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, ‘ए चंपा, फॉर्म माझा आहे. तुझे ते शेरे तुझ्या ऑफिसात. गप बस तिकडे.’” चंपाताई चष्मा पुसायला लागल्या, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. “आठ महिन्यांनी खेकसली हो माझ्यावर.”

मला खूप काही बोलायचं होतं. पण पाकीट आठवलं, आणि मी विचारलं, “मग?”

“मग काय. ती आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. या वेळी मी बाहेर. थोड्या वेळानं तिथली मुलगी आली, नवीन असावी. म्हणाली, ‘आजी, आत गेल्यात त्या पेशंटच्या तुम्ही कोण?’”

“काय सांगितलंत?”

“काही नाही,” चंपाताई म्हणाल्या आणि झेरॉक्स घडी घालून फाइलला लावली. “म्हटलं, तिनं फॉर्मवर लिहिलंय. वाचून घे.”